काजळी आणि कोळशाने कागदावर अमूर्त चित्र

कागद जाड घ्या, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा. पातळ कागद आधी वाकतो, मग पेटतो. कागदाच्या मागच्या बाजूवर ओला स्पंज एकदाच फिरवा. मेणबत्ती ताटलीत पक्की बसवा, शेजारी पाण्याची बादली ठेवा, पंखा बंद करा.

चित्राची बाजू खाली करून कागद दोन्ही हातांनी आडवा धरा आणि ज्योतीचं टोक जेमतेम लागेल असा सतत फिरवत राहा. काजळी म्हणजे ज्योतीत पूर्ण न जळालेला कार्बन. फार उंच धरलात तर नुसती फिकट राखाडी झाक येते. एका जागी थांबलात तर तपकिरी डाग, मग भोक. तपकिरी डाग मुद्दाम आणला तर देखणा दिसतो, पण तो रद्दी कागदावर हात बसल्यावरच.

काजळीला बोट लावू नका, ठसा उमटतो. उजेड हवा तिथे कोरड्या ब्रशने झटका. मग कोळसा: मऊ कांडी पुसता येते, दाबून बनवलेली गडद उमटते पण सहज निघत नाही.

मेणबत्ती विझवून, मोकळ्या हवेत ३० सेंमीवरून फिक्सेटिव्हचे (काजळी-कोळसा कागदावर पक्का करणाऱ्या फवाऱ्याचे) दोन-तीन पातळ थर द्या. जवळून फवारलंत तर काजळीचे ओघळ येतात.