भर पावसात रस्त्याकडेला उभं राहून सायकल शर्यत पाहायची तर

व्यावसायिक सायकल शर्यत समोरून जाते ती काही मिनिटांत, पण तिच्यासाठी तीन-तीन चार-चार तास एका जागी ताटकळावं लागतं. खराब हवेतली तयारी करायची ती या ताटकळण्याची. सायकलपटूचं अंग पेडल मारून तापलेलं असतं, तुमचं नसतं. म्हणून सुरुवात पायांपासून करा. बूट पाणी न शिरणारे हवेत आणि लोकरी मोज्यांचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घ्या. उभं राहायला फोमच्या चटईचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा जवळ असू द्या, कारण ओल्या डांबराचा गारवा तळव्यांतून वर चढतो आणि एकदा पाय गारठले की वरून कितीही कपडे चढवा, ऊब येत नाही. जीन्स आणि सुती बनियन नकोच, भिजले की वाळत नाहीत.

छत्री घरीच ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. घाटात वारा एका झटक्यात ती उलटी करून रस्त्यावर फेकतो. २०२१च्या टूर द फ्रान्सच्या पहिल्याच टप्प्यात एका प्रेक्षकाचा पुठ्ठ्याचा फलक रस्त्यावर पुढे आला, सायकलपटू टोनी मार्टिन त्यावर आदळला आणि त्याच्यामागे अख्खा घोळका कोसळला. त्या दिवशी रस्ता कोरडा होता. ओल्या रस्त्यावर तर ब्रेकही उशिरा लागतो. टोपीचा लांब रेनकोट घ्या, पण शर्यतीवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज आला की टोपी मागे सारा, नाहीतर बाजूने येणारी शर्यतीसोबतची मोटरसायकल कळत नाही.

जागा शक्यतो चढावरची निवडा. सपाटीवर सगळे डोळ्यांसमोरून सपकन निघून जातात, चढावर चेहरे दिसतात. उतारावरच्या वळणाची बाहेरची बाजू मात्र टाळा, घसरलेला सायकलपटू तिकडेच येतो. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे पावसात फार निसरडे होतात. पाऊस नसून नुसता आडवा वारा असेल तर उघडं माळरान गाठा. वाऱ्याचा आडोसा घेण्यासाठी सायकलपटू तिरक्या रांगा धरतात, रांगेत जागा न मिळालेले मागे तुटतात, आणि हे सगळं तुमच्या समोर घडतं. २०१५च्या गेंट–वेवेलगेम या बेल्जियममधल्या शर्यतीत वाऱ्याने सायकलपटू गेरेंट थॉमसला सायकलसकट रस्त्याबाहेर फेकलं होतं.

आयोजकांचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा. त्यात बहुधा वेगवेगळ्या सरासरी वेगांनुसार वेळा दिलेल्या असतात. पाऊस किंवा समोरचा वारा असेल तर सर्वांत संथ वेळ धरा. रस्ता मात्र त्याच्या कित्येक तास आधी बंद होतो, तेव्हा पोचायचं लवकरच. शर्यत तुमच्यापर्यंत येईलच असंही नाही. २०१३च्या मिलान–सान रेमो या इटलीतल्या शर्यतीत बर्फामुळे तुर्किनो खिंडीचा भाग गाळून सायकलपटूंना बसने पुढे नेलं. २०१९च्या टूरमध्ये गारा आणि दरड यांमुळे टप्पा मध्येच थांबवून इझरां खिंडीच्या माथ्यावरच्या वेळा ग्राह्य धरल्या. फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. गर्दीत नेटवर्क दगा देतं, म्हणून छोटा रेडिओ असला तर उत्तम.

थर्मासभर गरम पेय, हातमोजे न काढता खाता येईल असा खाऊ, कॅमेऱ्याची काच पुसायला कोरडं फडकं. बस्स.

आणि पहिला घोळका गेला म्हणून लगेच पाठ फिरवू नका. खराब हवेत घोळका फुटतो, त्यामुळे सायकलपटू एकेक, दोन-दोन करून येत राहतात. १९८०ची लिएज–बास्तोन–लिएज ही बेल्जियममधली शर्यत बर्फात झाली. बर्नार इनो नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला आणि १७४ जणांपैकी फक्त २१ जण शेवटापर्यंत पोचले. चिखलाने माखलेल्या, एकट्याने झुंजणाऱ्या मागच्या माणसाला टाळ्यांची खरी गरज असते, तेव्हा हात खिशातून काढा. मधल्या वेळातही रस्त्यावर उतरू नका, संघांच्या गाड्या ओल्या रस्त्यावरही सुसाट येतात. सर्वांत शेवटी ब्रूम वॅगन, म्हणजे शर्यत सोडलेल्यांना उचलून घेणारी गाडी, येते. ती आणि तिच्यामागचे पोलीस गेले की मगच निघा, आणि गाडीत बसण्याआधी तो मोज्यांचा कोरडा जोड चढवा.