लेझर एन्ग्रेव्हरसाठी घरच्या घरी रोटरी

डायोड लेझरने स्टीलच्या बाटलीवर नाव कोरायचे असेल, तर बाटली स्वतःभोवती मोजून-मापून फिरली पाहिजे. अशी बाटली फिरवणाऱ्या जोडणीला रोटरी म्हणतात. तिच्यात बाटली चकमध्ये, म्हणजे पकडणाऱ्या जबड्यांत, धरता येते किंवा दोन रोलरांवर ठेवता येते. घरी करायला मी रोलरचीच रचना सुचवेन, कारण तिच्यात पृष्ठभाग किती सरकला हे रोलरच्या परिघावर ठरते आणि बाटली जाड असो वा बारीक, हिशेब तोच राहतो.

प्लायवूडच्या दोन उभ्या फळ्यांत ६०८ क्रमांकाची बेअरिंगे घट्ट बसवून त्यांतून ८ मिमीचे दोन समांतर शाफ्ट न्यावेत. शाफ्टवर रोलर आणि रोलरांवर रबरी ओ-रिंग चढवाव्यात. एक शाफ्ट समान दात्यांच्या पुली आणि जीटी-२ या दातेरी बेल्टने नेमा १७ आकाराच्या स्टेपर (ठरावीक पावलांनी, म्हणजे स्टेपने फिरणाऱ्या) मोटरला जोडावा, दुसरा मोकळा फिरू द्यावा. भोके पाडताना दोन्ही फळ्या एकत्र आवळून ड्रिल आरपार न्यावे; शाफ्ट किंचित जरी तिरके बसले, तरी बाटली फिरता फिरता एका कडेला सरकत जाते आणि अक्षरे वाकडी येतात.

यंत्राची वीज पूर्ण बंद करून वाय अक्षाच्या मोटरचा कनेक्टर काढावा व नव्या मोटरला लावावा, कारण चालू यंत्रात तो उपटला तर मोटर चालवणारे ड्रायव्हर सर्किट जळू शकते. होमिंग, म्हणजे यंत्राने सुरुवातीला आपली शून्य जागा शोधणे, हेही बंद ठेवावे.

आता हिशेब. एका स्टेपला १.८ अंश फिरणारी मोटर १६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे प्रत्येक स्टेपचे १६ भाग केल्यावर, एका फेऱ्यात ३२०० स्टेप घेते. ओ-रिंगच्या वरून, म्हणजे बाटली जिथे टेकते तिथे, व्हर्नियरने मोजलेला व्यास २० मिमी असेल तर परिघ ६२.८३ मिमी होतो. म्हणून ग्रबल या यंत्र चालवणाऱ्या प्रणालीत $१०१ (वाय अक्षावर दर मिमीला किती स्टेप) ची किंमत ३२०० भागिले ६२.८३, म्हणजे ५०.९३ भरावी. बाटलीला मास्किंग टेप गुंडाळून कमी पॉवरवर १०० मिमी अंतराच्या दोन खुणा कराव्यात. अंतर ९८ मिमी भरले, तर ५०.९३ ला १०० ने गुणून ९८ ने भागावे : ५१.९७. प्रत्येक वेळी वेगळेच अंतर आले, तर बाटली घसरते आहे असे समजून $१२१ मधील वाय अक्षाचे त्वरण कमी करावे.

निमुळत्या पेल्याची वरची रेघ स्पिरिट लेव्हलने आडवी करून फोकस त्याच रेघेवर साधावा. गोलाकार स्टील किरण कुठेही परावर्तित करते, म्हणून लेझरच्या तरंगलांबीचाच चष्मा हवा, साधा काळा गॉगल मुळीच चालणार नाही. काम झाल्यावर $१०१ ची मूळ किंमत परत भरावी, नाहीतर पुढच्या लाकडी पाटीवर वर्तुळांचे अंडाकार होतील.