बाबांना रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर

माझे बाबा दर एप्रिलमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला येतात. पहाटेच माकडटोपी चढवून, हात पाठीमागे बांधून त्यांची फेरी सुरू. कुणाच्या अंगणात ट्यूलिप आले, कुणाच्या गॅरेजमध्ये कोणती गाडी, सगळं थांबून बघायचं. दोन वर्षांपूर्वी एका शेजारणीने पोलिसांना फोन केला. ऑफिसर आला. "वन मिनिट, माय सन," म्हणत बाबांनी मोबाइल काढायला खिशात हात घातला आणि ऑफिसरचा हात कमरेला गेला. पुढे काही झालं नाही. बाबा घामाघूम होऊन परतले आणि दोन दिवस बाहेर पडले नाहीत.

अलाबामातल्या मॅडिसनमध्ये ६ फेब्रुवारी २०१५ला मात्र पुढे झालं. गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे आजोबा मुलाच्या घरासमोरच्या रस्त्यावर चालत होते. इथेही शेजाऱ्याचाच फोन. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी "इंडिया" म्हटलं, घराकडे बोट दाखवलं, दोन पावलं तिकडे चालले. ऑफिसरने हात मागे धरून त्यांना जमिनीवर आपटलं. मानेवर शस्त्रक्रिया करावी लागली, अंग अंशतः लुळं पडलं. गाडीतल्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं, तरी दोन खटल्यांत ज्युरीचं एकमत झालं नाही आणि २०१६त न्यायाधीशांनी ऑफिसरला निर्दोष सोडलं.

हे वाचल्यावर आई-बाबांना "फिरायला जाऊ नका" सांगण्याचा मोह होतो. सहा महिने घरात कोंडून घालायचं असेल तर बोलवायचं कशाला? त्यापेक्षा रंगीत तालीम घ्या. आमच्याकडे मी दिवाणखान्यात ऑफिसर होतो. आई पहिल्यांदा हसत सुटली. हसू द्या, पण पाच-सहा वेळा करा, कारण इथे शिकवायची आहे ती भाषा नव्हे, अंगाची सवय.

थांबायला सांगितलं की जागच्या जागी थांबायचं. हात समोर, रिकामे, दिसतील असे. खिशात काही शोधायचं नाही. आपल्याकडे "चला, घर दाखवतो" म्हणणं हे सौजन्य. इथे पाठ फिरवून चालू लागणं म्हणजे पळ काढणं ठरू शकतं. आणि सगळ्यात अवघड: ऑफिसरने दंड धरला तर हिसडा द्यायचा नाही, हात सैल सोडायचा. बाबांचा उजवा खांदा आखडलेला आहे, हात मागे नेला की ते कळवळून ओढणारच. म्हणून "शोल्डर पेन" हे दोन शब्द त्यांच्याकडून घोकून घेतले.

गळ्यात पारदर्शक पाकीट अडकवा, म्हणजे खिशाचा प्रश्नच मिटतो. त्यात इंग्रजीत ठळक लिहिलेलं कार्ड: मी मुलाकडे पाहुणा आलो आहे, मला मराठी समजतं, या नंबरवर फोन करा. सोबत आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत. अठरा वर्षांवरच्या परदेशी पाहुण्याने नोंदणीचा कागद जवळ बाळगावा, असा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदाच आहे.

तुम्ही तिथे पोचलात, तर आधी ऑफिसरला इंग्रजीत सांगा की हे माझे वडील, मी भाषांतर करतो. मग मराठीत बोला. धावत, ओरडत जाऊ नका. लांब उभं राहून व्हिडिओ घेता येतो. कामात अडथळा न आणता पोलिसांचं चित्रीकरण करण्याचा हक्क आमच्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने २०१७त मान्य केला आहे.

बळाचा वापर झालाच, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. बाबा "काही नाही रे, जरा खरचटलंय" म्हणणारच, ऐकू नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर वरून काही न दिसता आत रक्तस्राव होऊ शकतो. इजा कशी झाली ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे कागदावर येईल. फोटो त्या दिवशी काढा आणि पुन्हा तीन दिवसांनी, कारण वळ नंतर काळेनिळे होतात. कपडे धुऊ नका. शेजाऱ्यांच्या डोअरबेल कॅमेऱ्यातलं चित्रीकरण त्याच संध्याकाळी मागा, नंतर ते पुसलं जातं. घरात चर्चा रंगण्याआधी बाबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, मराठीत, रेकॉर्ड करा.

"विनाकारण मारलं" एवढ्याने कोर्टात भागत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८९च्या ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर खटल्यात कसोटी घालून दिली: त्या जागी समंजस ऑफिसर कसा वागला असता? त्यात मुख्यतः तीन गोष्टी पाहतात. संशय किती गंभीर गुन्ह्याचा होता, तत्काळ धोका होता का, आणि माणूस प्रतिकार करत किंवा पळत होता का. तुमचा प्रत्येक फोटो, प्रत्येक साक्षीदार या तिन्हींपैकी कशाचं उत्तर देतो ते लिहून ठेवा. मॅडिसनच्या त्या आजोबांच्या दिवाणी दाव्यात याच मुद्द्यांवर अपील कोर्टाने २०२०त ऑफिसरला अशा दाव्यांपासून पोलिसांना मिळणारं संरक्षण नाकारलं आणि २०२१त १७.५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

आता मुदती, न्यू जर्सीच्या. बाकी राज्यांत वेगळ्या. राज्याच्या कायद्याखाली गावावर, म्हणजे ज्याचे ते पोलिस त्या नगरपालिकेवर, दावा लावायचा, तर ९० दिवसांत नोटीस. फेडरल नागरी हक्कांच्या दाव्याला दोन वर्षं. ऑफिसरच्या अंगावरच्या बॉडी कॅमेऱ्याचं चित्रीकरण किमान १८० दिवस राहतं. त्या प्रसंगाबद्दल तक्रार नोंदवली असेल तर किमान तीन वर्षं. तरीही "चित्रीकरण जपून ठेवा" असं पत्र पोलिसांना लगेच पाठवा. इंटर्नल अफेअर्सकडे, म्हणजे पोलिसांचीच चौकशी करणाऱ्या खात्याकडे, तक्रार कुणीही, निनावीसुद्धा, करू शकतो. पण बाबांवरच काही आरोप लावला असेल, तर आधी वकील, मग तक्रार. लिहिलेला शब्द उलटू शकतो. आणि परतीचं तिकीट बघा. ते साताऱ्याला गेल्यावर वकिलासमोर बसवणार कसं?

एक गोष्ट मी उशिरा केली, तुम्ही पहिल्याच आठवड्यात करा: आई-बाबांना घेऊन गल्लीत घरोघर जा, ओळख करून द्या. फोन करणाऱ्या शेजारणीकडेही आम्ही गेलो. ती ओशाळली, आता रोज हात करते. बाबाही करतात. पण तिचं गॅरेज जवळ आलं की अजून रस्त्याची बाजू बदलतात.