रिमॅप करण्याआधी: जॉब कार्ड, आणि मग बाकीचं

गाडी वॉरंटीत आहे आणि इंजिन रिमॅप करायचं, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलायचं, मनात पक्कं झालंय, तर ते करून देणारा ट्यूनर शोधायच्या आधी सर्व्हिस सेंटरला जा. गाडीत जी काही बारीकसारीक कुरकुर असेल, आवाज, धक्का, वास, धूर, ती जॉब कार्डवर, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना बनतो त्या कागदावर, लिहून घ्या. तोंडी सांगून उपयोग नाही, ती कागदावर आली पाहिजे.

माझ्या डिझेल गाडीला सातारला जाताना खंबाटकीच्या चढावर टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची, बारीक शिट्टी ऐकू यायची. ३०,०००च्या सर्व्हिसला मी ती अ‍ॅडव्हायझरला सांगितली. त्याने बॉनेट उघडून कान दिला आणि म्हणाला, "टर्बोला एवढा आवाज असतोच सर." मी सही करून निघालो. कार्डवर त्या शिट्टीचा एक शब्द नव्हता. महिन्याभराने रिमॅप केला. पुढच्या पाच महिन्यांत टर्बो गेला: मागून निळा धूर, इंटरकूलरच्या पाइपात तेल. सॉफ्टवेअर बदललेलं सापडलं आणि क्लेम नाकारला गेला. आवाज रिमॅपच्या आधीपासून होता हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. कुठे लिहिलंय ते दाखवा, म्हणाले. लिहिलेलं कुठेच नव्हतं. ८१,००० रुपये भरले. रिमॅपने बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, वाढतो, टर्बोचा शाफ्ट जास्त वेगाने फिरतो, आधीच झिजलेलं बेअरिंग लवकर जातं, हे मला मान्य आहे. पण ते आधीच झिजलेलं होतं हे सिद्ध करणारा एकच कागद असू शकत होता, आणि तो मी घेतला नाही.

म्हणून एक महिना आधी अपॉइंटमेंट घ्या. कार्डवर ग्राहकाने सांगितलेल्या तक्रारींचा रकाना असतो, बहुतेक ठिकाणी त्याला कस्टमर व्हॉइस म्हणतात. तुमची तक्रार तिथे तुमच्या शब्दांत आली पाहिजे: "चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, २,००० आरपीएमच्या आसपास शिट्टी." नुसतं "जनरल चेकअप" लिहिलं असेल तर सही करू नका. तारीख आणि किलोमीटर बरोबर आहेत का बघा. "नॉर्मल आहे" म्हणाले तर तेही लिहायला लावा, "तपासले, दोष आढळला नाही" एवढं तरी. मग प्रत मागून घ्या आणि फोटो काढून स्वतःलाच मेल करा. अ‍ॅडव्हायझर घाईत असतो, मागे रांग असते, आपल्याला संकोच वाटतो. मलाही वाटला होता. तुम्ही तो बाजूला ठेवा. आणि वॉरंटीत दुरुस्त होण्यासारखं काही निघालं तर ते आधी करून घ्या, नंतर रिमॅप.

त्याच महिन्यात वॉरंटीचं बुकलेट वाचा, सगळं नाही तरी "काय समाविष्ट नाही" हे पान. बदल केलेल्या गाडीबद्दलचं वाक्य तिथे असतं. ते "बदलामुळे झालेला बिघाड" असं आहे की "बदल केल्यास वॉरंटी रद्द" असं, हे नीट बघा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक्सटेंडेड वॉरंटीच्या अटी वेगळ्या असतात, त्याही काढून वाचा. ट्यूनिंगच्या व्हिडिओंत सांगतात की कंपनीला आधी सिद्ध करावं लागतं की बिघाड ट्यूनिंगमुळेच झाला. ते १९७५च्या अमेरिकेतल्या मॅग्नसन-मॉस कायद्यावरून बोलत असतात आणि तो कायदा इथे चालत नाही. इथे तुमच्या हातात बुकलेट, तुमचे कागद आणि ग्राहक आयोग, एवढंच आहे.

"सर्व्हिसला जाताना स्टॉक, म्हणजे कंपनीची मूळ सॉफ्टवेअर फाइल परत टाकू, कुणाला कळतंय," यावर विसंबू नका. बऱ्याच ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात, किती वेळा फ्लॅश झालं, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, याची मोजणी राहते. कॅलिब्रेशनचा तपासणी आकडा, सीव्हीएन, गाडीच्या ओबीडी, म्हणजे तपासणीच्या सॉकेटला लावायच्या साध्या स्कॅनरनेही वाचता येतो आणि फाइल बदलली की तो बदलतो. फोक्सवॅगन-ऑडी गटात तर वर्कशॉपचं यंत्र सर्व्हरशी जुळवून बघतं आणि गाडीच्या नावापुढे टीडी वन अशी, सॉफ्टवेअर बदलल्याची, खूण पडते. रिमॅपऐवजी वायरिंगमध्ये जोडायच्या पिगीबॅक बॉक्सचं म्हणाल, तर तो ईसीयूला हात न लावता सेन्सरचा सिग्नल बदलतो, काढला की सॉफ्टवेअर जसंच्या तसं दिसतं. पण जळालेला पिस्टन किंवा घसरलेला क्लच बघून अनुभवी माणूस ओळखतो. आणि मुळात लपवून क्लेम करणं बरोबर नाही. क्लेम खोटा ठरला तर तुमच्या खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

ट्यूनर निवडताना आकड्यांना भुलू नका. गिअरबॉक्स किती टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवणारा जोर, झेलतो ते आधी विचारा. उदाहरण घ्या: फोक्सवॅगन गटाचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डीक्यू २००, २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे आणि आपल्याकडच्या १.५ टीएसआय पेट्रोल इंजिनचा टॉर्क कंपनीतून येतानाच २५० आहे. वर जागाच नाही. तिथे तुम्ही जे वाढवाल ते क्लचच्या जिवावर. स्टेज वन म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, तेवढ्यावर थांबा. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बदलला, डीपीएफ (डिझेलचा धूर गाळणारा फिल्टर) काढला की प्रश्न वॉरंटीपुरता राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि कलम १८२ अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. डीपीएफ काढू नका. कुणीही कितीही सांगितलं तरी नाही.

मूळ फाइलबद्दल स्पष्ट विचारा: माझ्या ईसीयूतून खरी फाइल वाचणार, की सॉफ्टवेअर नंबरवरून सर्व्हरवरची उतरवणार? नव्या ईसीयूंमध्ये ओबीडीतून पूर्ण वाचन बऱ्याचदा होत नाही आणि सर्व्हरवरची फाइल उतरवायचा पर्याय वापरतात. त्याने काम होतं, पण परत टाकली जाणारी फाइल तुमचीच होती असं म्हणता येत नाही. जी मिळेल ती पेन ड्राइव्हवर घ्या. बिलावर काय बदललं ते लिहून घ्या: बूस्ट किती, टॉर्क किती. डायनो (इंजिनची ताकद मोजणारं यंत्र) असेल तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही ग्राफ.

आणि जॉब कार्ड झालं का? झालं नसेल तर तारीख पुढे ढकला. ट्यूनर कुठे पळून जात नाही.

कामाच्या दिवशी बॅटरीला चार्जर लावलाय ना ते बघा. फ्लॅश चालू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो आणि तो वॉरंटीत मिळेल ही आशा सोडा. निघण्याआधी स्कॅन करून एरर कोडचा कागद घ्या. 

नंतर विमा कंपनीला मेलवर कळवा, फोनवर नको. पुढच्या सर्व्हिसला सांगा की मला विचारल्याशिवाय ईसीयू अपडेट करू नका, नाहीतर पैसे दिलेली फाइल पुसली जाईल. हेही त्याच रकान्यात लिहून घ्या. नवा आवाज आला, तरी तिथेच.

बिघाड झालाच तर: एसी, खिडकीची मोटर, सस्पेन्शन यांचा रिमॅपशी संबंध नाही, त्यांचे क्लेम सोडू नका. नकार दिला तर लेखी मागा, कोणता पार्ट आणि कोणत्या अटीनुसार ते लिहिलेला. स्वखर्चाने पार्ट बदललात तर जुना घरी आणा. मी आणला नाही, तोही पुरावा गेला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३८मध्ये आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण वस्तू असली पाहिजे. आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. तक्रारीची मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, पण तिथे मोजतात ती गाडीसाठी भरलेली किंमत, टर्बोचं बिल नव्हे, म्हणून थोडी फी बसेल. तक्रारीला जोडायच्या कागदांत सगळ्यात वर रिमॅपच्या आधीचं जॉब कार्ड लावा.

गाडी विकताना घेणाऱ्याला सांगा आणि पेन ड्राइव्ह त्याच्या हातात द्या.