केळं की रताळं? पोषणमूल्यांची तुलना करताना या चुका टाळा

केळं चांगलं की रताळं, याचं उत्तर देणारे तक्ते माझ्याकडे तपासायला येत असतात. बहुतेक आहारशास्त्र शिकणाऱ्यांचे असतात. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. आकडा सहसा खोटा नसतो, पण तो भलत्याच गोष्टीचा असतो. खाली दिलेले पोषणमूल्यांचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांतले आहेत आणि वेगळं लिहिलं नसेल तिथे १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे आहेत. दोन्ही पदार्थांसाठी मी एकच स्रोत वापरते. केळं एका देशाच्या तक्त्यातून आणि रताळं दुसऱ्या देशाच्या तक्त्यातून घेतलं, तर मोजण्याच्या पद्धतीतला फरकही पदार्थातला फरक वाटायला लागतो.

पदार्थ कोणत्या अवस्थेतला, हे न लिहिणं

केळं आपण न शिजवता खातो, रताळं बहुधा शिजवून. तरीही तक्त्यात हमखास कच्चं रताळं असतं, कारण शोधताना तीच ओळ आधी समोर येते. पोटॅशियमचंच बघा. कच्च्या रताळ्यात ३३७ मिलिग्रॅम, सोलून उकडलेल्यात २३० आणि सालीसकट भाजलेल्यात ४७५. केळ्यात ३५८. म्हणजे केळं पुढे की मागे, हे रताळं कसं शिजवलं त्यावर ठरतं. उकडताना पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण ओतून देतो. भाजताना ते असं निघून जात नाही. 'केळं म्हणजे पोटॅशियम' हे इतकं डोक्यात बसलेलं असतं की ही तिसरी ओळ कुणी उघडूनच बघत नाही.

याच चुकीची दुसरी बाजू म्हणजे केळ्याची भुकटी. तिच्यात १४९१ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ३४६ कॅलरी असतात. ताज्या केळ्यात ७५ टक्के पाणी असतं, भुकटीत ३ टक्के. पाणी काढलं की उरलेलं सगळं दाटतं, यात केळ्याची काही करामत नाही. म्हणून कोणताही तक्ता हातात आला की मी सगळ्यात आधी पाण्याची ओळ बघते. दोन्हीकडचं पाणी साधारण सारखं नसेल तर पुढचं वाचतच नाही, तक्ता परत पाठवते.

पाणी जुळलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. कच्च्या रताळ्यात क जीवनसत्त्व २.४ मिलिग्रॅम, भाजलेल्यात १९.६. हे वाचून 'भाजल्याने क जीवनसत्त्व आठपट वाढतं' असं लिहिणारे मला वारंवार भेटतात. उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होतं, वाढत नाही. पाणी उडून दाटलं म्हणावं, तर कच्च्यात पाणी ७७ टक्के आणि भाजलेल्यात ७६. मग उरतो एकच अर्थ: दोन ओळी दोन वेगळ्या नमुन्यांच्या आहेत. तेच रताळं आधी कच्चं आणि मग भाजून तपासलेलं नाही. असा विचित्र आकडा दिसला की त्याची बातमी करायची घाई करू नका. थांबा आणि आधी कारण शोधा.

एकक न वाचणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती टाळायला फक्त डोळे उघडे ठेवावे लागतात.

लहान मुलांच्या आयांसाठी काढायच्या एका पत्रकाचा मसुदा माझ्याकडे आला होता. त्यात ठळक अक्षरांत होतं: 'रताळ्यात केळ्याच्या साडेचार हजार पटींहून जास्त अ जीवनसत्त्व.' खाली तक्त्यात रताळं १४१८७, केळं ३, आणि एककाचा रकानाच नाही. रताळ्याचा आकडा आंतरराष्ट्रीय एककांत, म्हणजे आययूमध्ये होता. केळ्याचा आकडा रेटिनॉलच्या, म्हणजे तयार अ जीवनसत्त्वाच्या, तुल्य मायक्रोग्रॅममध्ये होता. दोन वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून उचललेले आकडे शेजारीशेजारी बसवले होते.

हिशेब असा आहे. रताळ्यात तयार अ जीवनसत्त्व नसतं, बीटा-कॅरोटीन असतं, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. आजच्या पद्धतीत १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन म्हणजे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल धरतात. जुन्या आययूत ०.६ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनलाच १ आययू म्हणत. त्यामुळे त्याच रताळ्याचा आययूतला आकडा वीसपट मोठा दिसतो. एका एककात आणलं तर रताळं ७०९ मायक्रोग्रॅम, केळं ३ मायक्रोग्रॅम. फरक सुमारे २३६ पट, आणि तोही प्रचंडच आहे. तो फुगवायची काही गरज नव्हती.

पुढे झालं ते जास्त वाईट. मसुदा वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाने १४१८७ हे मायक्रोग्रॅम समजले. मोठ्या माणसाची रोजची गरज ७०० ते ९०० मायक्रोग्रॅम, वरची मर्यादा ३०००, हे त्याला पाठ होतं. त्याने तळाशी चौकट टाकली: 'अतिसेवनाने विषबाधेचा धोका, मुलांना आठवड्यातून एकदाच द्या.' ती मर्यादा तयार रेटिनॉलसाठी आहे. कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व शरीर गरजेपुरतंच करतं. फार खाल्लं तर त्वचेवर पिवळसर झाक येते आणि खाणं कमी केलं की ती जाते. एकक न लिहिल्यामुळे मुलांच्या ताटातून एक चांगला पदार्थ निघाला असता.

आणि त्या पत्रकावर चित्र होतं पांढऱ्या गराच्या रताळ्याचं! ७०९ हा आकडा नारिंगी गराचा. पांढऱ्या गरात बीटा-कॅरोटीन जवळपास नसतंच. मोझांबिक आणि युगांडासारख्या देशांत नारिंगी गराच्या वाणांचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो गराच्या याच फरकासाठी. रताळं कापून बघा आणि मगच तक्ता उघडा. सालीच्या रंगावर जाऊ नका. बाहेरून लाल असलेलं रताळं आतून पांढरं निघतं.

मी स्वतः प्रत्येक आकड्याला त्याचं एकक चिकटवून लिहिते, रकान्याच्या डोक्यावर एकदाच लिहून भागवत नाही. हात दुखतो, पण दुसऱ्या तक्त्यातला आकडा आत शिरला की लगेच दिसतो.

बाकीच्या

एक नग विरुद्ध एक नग अशी तुलना नको. वजन करा, तेही साल काढून. केळ्याच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा सालीचा असतो.

'दैनंदिन गरजेच्या इतके टक्के' हे आकडे जुन्या लेखांतून उचलू नका. अमेरिकी लेबलवर पोटॅशियमची आधारसंख्या २०१६ च्या नियमाने ३५०० वरून ४७०० मिलिग्रॅम झाली. केळं तेच, पण १० टक्क्यांचे ८ टक्के झाले.

रताळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वाढते त्याचं माप, एकाच आकड्यात सांगणारा लेख बाजूला ठेवा. उकडलेल्याचा पन्नाशीच्या आत आणि भाजलेल्याचा ऐंशीच्या वर मोजला गेला आहे. केळ्याचाही पिकण्यानुसार बदलतो, कारण पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते.

'केळ्यात साखर १२ ग्रॅम, रताळ्यात ४' हाही कच्च्या रताळ्याचा आकडा. शिजताना त्यातल्या स्टार्चचा काही भाग माल्टोज या साखरेत बदलतो.

सगळ्या रकान्यांचे गुण मोजून विजेता जाहीर करणं हा सगळ्यात आळशी मार्ग. केळ्यात आणि कच्च्या रताळ्यात कॅलरी ८९ आणि ८६, तंतू २.६ आणि ३ ग्रॅम. यात जिंकण्याहरण्यासारखं काही नाही, तरी तिथे हिरवी खूण करून एक गुण दिला जातो. आणि अ जीवनसत्त्वातला २३६ पटींचा फरकही एकाच गुणाचा! मी अशी बेरीज दिसली की खोडते आणि विचारते, कुणासाठी तुलना करताय? अ जीवनसत्त्व कमी पडणाऱ्या मुलासाठी असेल तर नारिंगी रताळं, आणि त्यासोबत थोडं तेल किंवा तूप, कारण स्निग्ध पदार्थाशिवाय कॅरोटीन नीट शोषलं जात नाही. खेळून आलेल्याला लगेच काही खायचं असेल तर केळं, कारण ते सोललं की तयार.