पोटरीचा सामू मोजताना

फिजिक्समध्ये एमएस्सी करून कोकणातून बाहेर पडलेलं आणि फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीकडे, म्हणजे चुंबकात शरीरातल्या फॉस्फरसचा सिग्नल मोजण्याकडे, वळणारं कोणी असेल, तर त्यांच्यासाठी लिहितेय. एनएमआरची (चुंबकात अणुकेंद्रांचा सिग्नल घेण्याच्या तंत्राची) ओळख तुम्हाला आहे असं धरते.

आधी एक इशारा. जिल्ह्याच्या गावी एमआरआय मशीन आलं म्हणजे तिथे हे काम जमेल असं समजू नका. हॉस्पिटलमधलं मशीन बहुतेक वेळा फक्त हायड्रोजनचा सिग्नल घ्यायला तयार केलेलं असतं. १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकात हायड्रोजन ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो, फॉस्फरस २६ च्या. त्यासाठी कॉइल (सिग्नल पकडणारं तारेचं वेटोळं) वेगळी, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. पीएचडीला प्रवेश घेण्याआधी हे तोंडावर विचारा. मी विचारलं नाही आणि पहिले कितीतरी महिने कॉइलची वाट बघत काढले.

आमच्या जांभ्या जमिनीचा सामू (पीएच) काढायला मातीचा नमुना न्यावा लागतो. स्नायूचा सामू मात्र सुई न टोचता कळतो. आम्लता वाढली की इनऑर्गॅनिक फॉस्फेटला जास्त प्रोटॉन चिकटतात आणि स्पेक्ट्रममधलं, म्हणजे सिग्नलच्या आलेखातलं, त्याचं शिखर फॉस्फोक्रिएटिनच्या (स्नायूतल्या तातडीच्या ऊर्जेच्या साठ्याच्या) शिखराकडे सरकतं. फॉस्फोक्रिएटिन या पल्ल्यात जागचं हलत नाही, म्हणून अंतर त्याच्यापासून मोजायचं, आणि तेही त्याच स्पेक्ट्रममध्ये. फॉस्फरसच्या शिखरांवरून पेशीच्या आतला सामू कळतो, हे मून आणि रिचर्ड्स यांनी १९७३ मध्ये तांबड्या रक्तपेशींवर दाखवलं. अंतर पीपीएममध्ये (फ्रीक्वेन्सीच्या दशलक्षाव्या भागांत) घ्या. त्यातून ३.२७ वजा करा, ५.६९ मधून अंतर वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागून लॉग घ्या, त्यात ६.७५ मिळवा. विश्रांतीत अंतर ४.९ पीपीएम आलं तर सामू ७.०६. हे गणित दहा वेळा हाताने करा. स्क्रिप्ट नंतर.

आता मला जिथे ठेच लागली ते. प्रयोग साधा होता: माणूस मशीनमध्ये झोपून पायाने पेडल दाबतो, पोटरीखाली कॉइल. व्यायामात सिग्नल खडबडीत येतो. तो गुळगुळीत दिसावा म्हणून एका सीनियरने दिलेल्या टेम्प्लेटमध्ये २० हर्ट्झचं लाइन ब्रॉडनिंग (शिखरं मुद्दाम रुंद करून खडबड दाबणं) घातलेलं होतं. का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फॉस्फेटचं एकच सुबक शिखर ४.५ पीपीएमला यायचं. सामू ६.७६. मी तो तक्त्यात भरत गेले.

पावसाळ्यात मालवणला घरी होते. लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. सहज म्हणून एका माणसाचा रॉ डेटा उघडला आणि ब्रॉडनिंग २० वरून ३ वर आणलं. शिखराला खांदा दिसला. नीट बघितलं तर ती दोन शिखरं होती: एक ४.८५ ला, दुसरं ४.२ ला. म्हणजे एका स्नायूचा सामू ७.०२ आणि दुसऱ्याचा ६.५५. मी लिहिलेला ६.७६ त्या पायात कुठेच नव्हता. १.५ टेस्लाला ०.६५ पीपीएम म्हणजे जेमतेम १७ हर्ट्झ. त्यावर २० हर्ट्झचं पांघरूण घातलं तर दोन शिखरं एक होणारच. कॉइलला पोटरीचे दोन्ही स्नायू, वरचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्या आतला सोलियस, दिसत होते, पण राबत होता मुख्यतः एकच. गुडघा वाकलेला असेल तर गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो आणि भार सोलियसवर जातो. पाय सरळ असेल तर गॅस्ट्रोक्नेमियसही जोरात कामाला लागतो. मी काही जणांचा गुडघा उशीवर ठेवला होता, काहींचा नाही, आणि वहीत त्याची नोंद नव्हती. ते सगळे तक्ते टाकून द्यावे लागले. त्या रात्री मी रडले.

घाबरू नका. रॉ डेटा जपलेला असेल तर बहुतेक चुका निस्तरता येतात. माझ्याही निस्तरल्या, फक्त वेळ गेला.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. व्यायाम सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात सामू उतरण्याऐवजी किंचित वर जातो. फॉस्फोक्रिएटिन फुटताना प्रोटॉन खर्ची पडतात, म्हणून. चुकीचा बिंदू समजून तो खोडू नका. मॅकआर्डल या आनुवंशिक रोगात स्नायूला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) फोडता येत नसल्यामुळे पुढेही स्नायू आम्ल होत नाही. १९८१ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने हे याच पद्धतीने दाखवलं. तो मूळ पेपर वाचा, सारांशावर भागवू नका.

गाइड निवडताना मोठं नाव बघू नका. जो माणूस तक्त्याआधी स्पेक्ट्रम मागतो, त्याच्याकडे जा. तयार स्क्रिप्ट देणारे खूप भेटतील. चांगल्या मनानेच देतात, पण शिकण्यासाठी तो रस्ता नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

आमचे काका रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात. ओल्या वाळूत टाचा रोवून, अंग मागे टाकून, उलट्या पावलांनी. एकदा दोर सोडल्यावर पोटरी चोळत त्यांनी विचारलं, "पोटऱ्यो भरतत तेवा आत काय होता गो?" मी वाळूत बोटाने दोन शिखरं काढून दाखवली. ते म्हणाले, दोर ओढताना ते गुडघा कधीच पूर्ण ताठ ठेवत नाहीत. आता प्रत्येक स्कॅनच्या आधी मी गुडघ्याचा कोन मोजते आणि वहीच्या पहिल्या ओळीत लिहिते.