गेममालिकांच्या श्रेष्ठत्वाचा वाद कसा घालावा

सर्वश्रेष्ठ व्हिडिओ गेममालिका कोणती, या वादात बहुतेक जण मालिकेचे नाव घेतात आणि प्रत्यक्षात एकाच लाडक्या गेमची वकिली करतात. ‘फायनल फॅन्टसी’चा चाहता १९९७ मधील सातव्या भागापाशी अडतो, ‘झेल्डा’चा चाहता १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’पाशी. म्हणून सुरुवातीलाच अट घालावी : जो मालिकेचा सर्वोत्तम भाग सांगेल, त्यानेच तिचा सर्वांत फसलेला भागही सांगावा.

त्यानंतर कोणते गेम मोजायचे, हे ठरवावे. १९९३ मध्ये फिलिप्सच्या सीडी-आय या सीडीवर चालणाऱ्या यंत्रावर आलेले ‘झेल्डा’चे गेम मूळ मालिका बनवणाऱ्या निन्टेन्डो या जपानी कंपनीने बनवलेले नव्हते, त्यामुळे त्यांचा दोष मूळ मालिकेच्या माथी मारू नये. क्रमांकांचाही घोळ आधीच मिटवावा. जपानमध्ये १९९४ साली आलेला ‘फायनल फॅन्टसी’चा सहावा भाग अमेरिकेत तिसरा म्हणून विकला गेला, आणि ‘तिसरा भागच उत्तम’ म्हणणारे दोघे बराच वेळ वेगवेगळ्या गेमविषयी भांडत राहू शकतात!

खरा कस निकष ठरवताना लागतो. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने आपल्या बहुतेक क्रमांकित भागांत आळीपाळीने चाल करण्याची लढाई जपली, युजी होरी यांची रचना, अकिरा तोरियामा यांची पात्रे आणि कोइची सुगियामा यांचे संगीत यांमुळे तिची ओळखही टिकून राहिली. याउलट १९८७ मध्ये सुरू झालेली ‘फायनल फॅन्टसी’ बहुतेक वेळा नवे जग आणि नवी पात्रे घेऊन येते, आणि २०२३ च्या सोळाव्या भागात तर तिने आळीपाळीची लढाई सोडून थेट हातघाईची लढाई स्वीकारली. सातत्य मोलाचे की नावीन्य, याचे उत्तर आधी न ठरवता या दोघींची तुलना केल्यास दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्याच ठरतात आणि वाद जागचा हलत नाही.

अपयश मोजताना त्यानंतर काय झाले, हेही पाहावे. ‘फायनल फॅन्टसी’चा चौदावा भाग २०१० मध्ये इतका फसला की तो बंद करून २०१३ मध्ये नव्याने उभारावा लागला, माझ्या मते हा प्रसंग मालिकेच्या विरोधात जितका जातो, तितकाच तिच्या बाजूनेही जातो.

विक्रीचे आकडे मात्र दूरच ठेवावेत, कारण त्यांतून प्रसार कळतो, गुणवत्ता नव्हे.

एवढे करूनही एकच नाव द्यायचे झाले, तर मी ‘झेल्डा’चे देईन. १९८६ च्या पहिल्या गेममध्ये खेळाडूला वाट न दाखवता मोकळे सोडले होते. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने तोच स्वभाव पूर्णपणे नव्या रचनेत परत आणला. सातत्य आणि नावीन्य या दोन्ही निकषांवर टिकणारे इतके स्पष्ट उदाहरण मला उरलेल्या दोन मालिकांत दिसत नाही.